नीतिशास्त्र आणि दुसरा मुख्य विषय: सोलापूरच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या कॉलेजांत बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणाऱ्यांसाठी आहे. इंजिनिअरिंग आणि मेडिकलवाल्यांचे प्रश्न पुढे वेगळे घेतले आहेत. क्रेडिटचे आकडे राज्य सरकारच्या नव्या शैक्षणिक धोरणासाठीच्या २०२३ च्या चौकटीतले आणि यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांतले आहेत. विषयांचे बास्केट, म्हणजे निवडीची यादी, मात्र कॉलेजगणिक आणि वर्षागणिक बदलते, त्यामुळे ते चालू वर्षाच्या माहितीपत्रकातच पाहा. मागच्या वर्षीच्या सीनियरने सांगितले म्हणून फॉर्म भरू नका.

नीतिशास्त्र म्हणजे मूल्यशिक्षणच ना? ते तर सगळ्यांनाच असतं.

नाही. मूल्यशिक्षणाचे, म्हणजे व्हीईसीचे, ४ क्रेडिट सगळ्यांना घ्यावे लागतात. तिथे संविधान, पर्यावरण, नागरिकाची कर्तव्ये असे विषय येतात आणि चांगले काय हे बहुतेक आधीच ठरलेले असते. नीतिशास्त्रात तेच तपासायचे असते.

समजा, टॉवेलचे सूत रंगवणाऱ्या एका डाईंग युनिटने रंगाचे पाणी प्रक्रिया न करता ओढ्यात सोडले. टॉवेल स्वस्त पडतो, कामगारांची रोजी टिकते, पण खालच्या अंगाच्या शेतकऱ्याची विहीर बिघडते. बेंथम आणि मिल यांच्या उपयुक्ततावादात सगळ्यांच्या सुखदुःखाची बेरीज मांडावी लागते. कांटच्या बाजूने विचार केला तर त्या शेतकऱ्याला आपण निव्वळ साधन म्हणून वापरतो आहोत का, हा प्रश्न आधी येतो. अ‍ॅरिस्टॉटलच्या वाटेने गेलात तर असा धंदा करताकरता धंदेवाला कसला माणूस बनतो, हे पाहावे लागते. तिघेही बहुधा ‘सोडू नये’ म्हणतील. पण शेतकऱ्याने भरपाई घेऊन संमती दिली असेल, किंवा पाणी कोणाच्याच विहिरीला न लागता ओसाड माळावर जात असेल, तर तिघांची उत्तरे फुटतात. ती कुठे आणि का फुटतात हे नेमके सांगता येणे म्हणजे हा विषय येणे.

हा विषय दुसऱ्या मेजरबरोबर, म्हणजे मुख्य विषयाबरोबर, घ्यायचे मार्ग कोणते?

पहिला मार्ग मायनरचा, म्हणजे जोडविषयाचा. मायनर १८ ते २० क्रेडिटची असते आणि पहिल्या तीन वर्षांत पूर्ण करायची असते. तुमच्या कॉलेजात तत्त्वज्ञान मायनर म्हणून उपलब्ध असेल तर हाच मार्ग सर्वांत चांगला, कारण विषय क्रमाने शिकवला जातो आणि गुणपत्रिकेवर त्याची नोंद राहते.

दुसरा मार्ग ओपन इलेक्टिव्हचा, म्हणजे ओईचा. त्याला एकूण १० ते १२ क्रेडिट असतात आणि ते पहिल्या दोन वर्षांत संपतात. इथे एक अट आहे आणि तिच्यावर अनेक जण अडखळतात: ओई आपल्या मेजरच्या विद्याशाखेबाहेरचीच घ्यावी लागते. बी.कॉम. आणि बी.एस्सी.वाल्यांना नीतिशास्त्र ओई म्हणून घेता येते. इतिहास किंवा मराठी मेजर असलेल्यांना ते तसे मिळत नाही, कारण तत्त्वज्ञानही त्याच शाखेत मोडते. त्यांनी ते मायनरमध्येच बसवावे. मायनर त्याच शाखेतली चालते.

तिसरा मार्ग स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरच्या कोर्सचा आणि चौथा एकाच वेळी दोन पदव्यांचा. दोन्हींबद्दल खाली आहे. यूजीसीच्या चौकटीत दुहेरी मेजरचीही सोय आहे, पण दुसऱ्या मेजरमध्ये किमान ४० टक्के क्रेडिट लागतात. दोन विभागांची वेळापत्रके जुळल्याशिवाय ते कागदावरच राहते. प्राचार्यांनी तोंडी ‘बघू’ म्हटल्यावर त्या भरवशावर बसू नका.

आमच्या कॉलेजात तत्त्वज्ञानाचा विभागच नाही. मग?

मग स्वयम. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमधल्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयमवरून आणता येतात. आयआयटींच्या एनपीटीईएल विभागात नीतिशास्त्राचे आणि तर्कशास्त्राचे कोर्स येत असतात. हे कोर्स जानेवारी ते एप्रिल आणि जुलै ते ऑक्टोबर अशा दोन फेऱ्यांत चालतात.

क्रम असा ठेवा. आधी कोर्सचे नाव, आठवडे आणि क्रेडिट लिहून कॉलेजकडे अर्ज द्या आणि ‘हा कोर्स अमुक पेपरच्या जागी धरला जाईल’ असे लेखी घ्या. मगच नाव नोंदवा. नाव दहावीच्या मार्कशीटवर आहे तसेच टाका. एनपीटीईएलमध्ये १२ आठवड्यांच्या कोर्सला ३ आणि ८ आठवड्यांच्या कोर्सला २ क्रेडिट मिळतात. कोर्स फुकट असतो, परीक्षेची फी १००० रुपये. गुण १०० पैकी: असाइनमेंटचे २५, परीक्षेचे ७५. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये १० आणि परीक्षेत ३० असे दोन्ही उंबरठे वेगवेगळे ओलांडावे लागतात.

चुका ठरलेल्या आहेत. कोर्सला नाव नोंदवले की परीक्षेलाही नोंदले गेले असे समजणे ही त्यांतली सर्वांत महाग. परीक्षेची नोंदणी वेगळी असते, तिची तारीख कोर्सच्या मध्यावर कुठेतरी येते आणि एकदा गेली की पुढच्या फेरीपर्यंत थांबावे लागते. दुसरी चूक ४ क्रेडिटच्या पेपरच्या जागी ३ क्रेडिटचा कोर्स घेण्याची. उरलेला एक क्रेडिट कुठून आणायचा, याचे उत्तर मग कोणाकडेच नसते. तिसरी, अपार आयडीवरचे (विद्यार्थ्याच्या शैक्षणिक खात्याच्या क्रमांकावरचे) नाव आणि स्वयमवरचे नाव वेगळे असणे. आईचे नाव किंवा आडनाव आधी लिहिण्याच्या आपल्या सवयीमुळे हे फार होते. मग मिळालेले क्रेडिट ‘क्रेडिट बँके’त, म्हणजे ते साठवणाऱ्या ऑनलाइन खात्यात, जमाच होत नाहीत आणि ते कळते शेवटच्या वर्षी.

कोणते पेपर आधी घ्यावेत?

निवड तुमच्या हातात असेल तर आधी तर्कशास्त्राची ओळख, मग नीतिशास्त्राचे मूलभूत सिद्धान्त, मग भारतीय नीतिविचार आणि शेवटी उपयोजित नीतिशास्त्र. बहुतेक जण उलट करतात, कारण ‘व्यवसाय-नीती’ किंवा ‘पर्यावरण-नीती’ ही नावे ओळखीची वाटतात. सिद्धान्त न शिकता उपयोजित पेपर घेतला की उत्तरे वर्तमानपत्राच्या पत्रव्यवहारासारखी होतात: मत ठाम, आधार नाही.

तर्कशास्त्र वगळू नका. ‘सगळेच करतात म्हणून चालते’ आणि ‘आजवर चालत आले म्हणून योग्य’ या दोन्ही विधानांत नेमके कुठे पाणी मुरते, हे तिथेच कळते. त्यात भरपूर सराव असतो, म्हणून गणित-स्टॅटवाल्यांना हा पेपर सोपा जातो.

भारतीय नीतिविचाराचा पेपर पाठांतराचा समजू नका. टिळकांनी कर्मयोगाची मांडणी करताना मिल आणि कांट यांना समोर ठेवून वाद घातला होता. आगरकरांच्या विवेकवादावर मिल आणि स्पेन्सर यांची छाप आहे. फुले आणि आंबेडकर तर आधी विचारतात की नीतीचे नियम केले कोणी आणि कोणासाठी. सोलापूरकराला श्रमाच्या नीतीचा धडा अगदी जवळ मिळतो. सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातल्या शरण परंपरेतले, म्हणजे बसवेश्वरांच्या काळातल्या वचनकार संतांपैकी. त्या परंपरेतल्या ‘कायक’ (श्रम हीच पूजा) आणि ‘दासोह’ (मिळवलेले वाटून घेणे) या कल्पनांवर वेतन, दान आणि वाटप यांविषयीचा उत्तम निबंध होऊ शकतो. घरी कन्नड बोलत असाल तर वचने मुळातूनच वाचा.

आठवड्याला किती वेळ लागेल?

थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तासांचे अध्यापन. ४ क्रेडिटच्या पेपरला सेमिस्टरमध्ये ६० तास, म्हणजे आठवड्याला साधारण चार. तेवढाच वेळ घरी धरा. मूळ ग्रंथाची पाने कादंबरीसारखी उलटत नाहीत. सुरुवातीला तासाला पाच पाने झाली तरी वेग चांगला आहे. बी.एस्सी.वाल्यांनी प्रॅक्टिकलच्या आठवड्यात वाचन साठवू नये. या विषयात रात्रभर जागून वाचलेले सकाळी हाताला लागत नाही.

कोणत्या मेजरबरोबर याचा खरा उपयोग होतो?

ज्या मेजरमध्ये निर्णय घ्यावे लागतात अशा कोणत्याही. नीतिशास्त्र तुम्हाला प्रश्न विचारायला शिकवते, पण तथ्ये तुमच्या मेजरमधून येतात. तथ्ये कच्ची असतील तर नैतिक युक्तिवाद कितीही सुबक असला तरी तो हवेतला. म्हणून विषय आपल्या अभ्यासाच्या आणि आपल्या जिल्ह्याच्या हद्दीत शोधावा, असे आमचे मत आहे. इथे त्यांचा तुटवडा नाही.

वाणिज्य घ्या. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. यंत्रमागावर दुसरीकडे विणलेली चादर ‘सोलापुरी’ म्हणून विकली तर फसवणूक कोणाची होते? गिऱ्हाइकाची, इथल्या विणकराची, की दोघांची? चादर दर्जाने सरस निघाली तर गिऱ्हाइकाचे नुकसान नेमके काय? परदेशी खरेदीदार कामाचे तास आणि मजुरी यांचे सोशल ऑडिट मागतो, पण टॉवेलचा भाव वाढवून देत नाही. मग त्या ऑडिटचा खर्च कोणी सोसणे न्याय्य? हे प्रश्न कॉस्टिंग शिकलेला विद्यार्थीच नीट मांडू शकतो.

अर्थशास्त्रवाल्यांसाठी विडी. शहरातल्या हजारो बायका घरी विड्या वळतात आणि मजुरी हजार विड्यांमागे ठरते. तंबाखूवर बंधने आणली तर पिणाऱ्यांचे प्राण वाचतात आणि वळणाऱ्यांची चूल विझते. ‘दोन्ही बाजू बरोबर आहेत’ हे उत्तर नव्हे. पर्यायी रोजगार मिळेपर्यंत बंधने लांबवावीत का, लांबवली तर तेवढ्या काळात जाणारे प्राण कोणाच्या हिशेबात धरायचे, तपासणीत खराब ठरवून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी कापणे न्याय्य आहे का, असे प्रश्नाचे तुकडे पाडले की काम सुरू होते.

भूगोल, राज्यशास्त्र, शेती यांच्यासाठी उजनी. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आणि त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे वापराच्या पातळीखालचे पाणी. पाऊस कमी झाला की उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये’ ही बातमी येतेच. अवर्षणप्रवण जिल्ह्यात ऊस, शहराला काही दिवसांआड नळाचे पाणी, खाली भीमेकाठची गावे, वर पुणे जिल्हा. पाण्यावर आधी हक्क कोणाचा: तहानेचा, धरणात जमीन गेलेल्याचा, की वर्षानुवर्षे पाणीपट्टी भरणाऱ्याचा? जॉन रॉल्सची न्यायाची कल्पना, म्हणजे आपण कोण असू हे माहीत नसताना वाटपाचे नियम ठरवायचे, इथे फार चांगली लागू करता येते. आपण ऊसवाले असू की टँकरची वाट पाहणारे हे ठाऊक नसेल तर कोणता नियम मान्य कराल?

डाळिंबाचेही तसेच. तेल्या रोग जिवाणूमुळे होतो आणि त्यावर स्ट्रेप्टोसायक्लिनसारखी प्रतिजैविके फवारली गेली आहेत. फवारणीने एका बागेचे पीक वाचते, पण औषधाला दाद न देणारे जिवाणू वाढण्याचा धोका सगळ्यांच्या वाट्याला येतो. सूक्ष्मजीवशास्त्र मेजर असेल तर याहून चांगला विषय शोधून सापडणार नाही.

प्राणिशास्त्रवाल्यांनी नान्नजकडे पाहावे. तिथले माळढोक पक्ष्याचे अभयारण्य १९७९ चे. त्याचे क्षेत्र आधी सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते, ते पुढे सुमारे १,२२२ वर आणले गेले, कारण हद्दीत गावेच्या गावे आणि खासगी शेते आली होती आणि जमिनीच्या व्यवहारांवर बंधने पडत होती. नष्ट होत चाललेल्या पक्ष्याचे मोल आणि जमीन विकून मुलीचे लग्न करू न शकणाऱ्या शेतकऱ्याचे नुकसान एकाच मापाने मोजता येते का? मोजता येत नसेल तर निर्णय कशाच्या आधारे करायचा?

संगणकशास्त्रात आषाढीच्या गर्दीवर नजर ठेवणारे कॅमेरे आणि ड्रोन हा विषय आहे. चेंगराचेंगरी टाळायला माणसे मोजणे वेगळे आणि चेहरा ओळखून नाव काढणे वेगळे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा वाचा, पण कायदा पाळला म्हणजे नैतिक प्रश्न मिटला असे लिहू नका.

मी इंजिनिअरिंगला आहे. आम्हाला युनिव्हर्सल ह्यूमन व्हॅल्यूज होतं. तेवढं पुरे नाही का?

पदवीसाठी पुरे, विषय समजायला नाही. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) आदर्श अभ्यासक्रमात बी.टेक. १६० क्रेडिटची आहे आणि मायनर त्यावर जादा १८ ते २० क्रेडिटची. म्हणजे त्या चौकटीत मायनर फुकटात बसत नाही, खरेच जास्तीचे पेपर द्यावे लागतात. एटीकेटी असेल तर आधी ती काढा. बहुतेकांना आम्ही तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र असे स्वयमचे दोनच कोर्स सुचवतो आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ‘कोणाला धोका पोहोचू शकतो’ असे एक प्रामाणिक प्रकरण घालायला सांगतो. भोपाळची १९८४ ची दुर्घटना या दृष्टीने वाचा: बंद ठेवलेल्या सुरक्षायंत्रणा, काटलेला देखभालीचा खर्च, कारखान्याला खेटून वाढलेली वस्ती. एकट्या माणसाचे पाप शोधणाऱ्याला त्यातले निम्मेही दिसत नाही.

एमबीबीएसमध्ये मायनर असते का?

नाही. तिथे एटकॉम नावाचे मॉड्यूल आहे. ते २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात सक्तीचे झाले आणि वृत्ती, नीती व संवाद हे त्याचे विषय. वरवर उरकले नाही तर ते चांगले आहे. बीचम (Beauchamp) आणि चिल्ड्रेस या अभ्यासकांनी १९७९ मध्ये मांडलेली चार तत्त्वे, म्हणजे रुग्णाची स्वायत्तता, हित, अहित टाळणे आणि न्याय, सगळ्यांना पाठ असतात. त्यांच्यात टक्कर झाली की काय करायचे, तिथे गाडी अडते.

सोलापुरात एक गोष्ट रोज समोर येते. सिव्हिलच्या ओपीडीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणारे रुग्ण एकाच रांगेत असतात. संमतीपत्र मराठीत छापलेले, रुग्णाला तेलुगू कळते, सही मुलाने केली. ही संमती झाली का? इलेक्टिव्हमध्ये किंवा छोट्या अभ्यासासाठी हा विषय घेता येईल, मात्र संशोधन तपासणाऱ्या नीती समितीची परवानगी घेऊनच.

प्रोजेक्टसाठी लोकांशी बोलायचे आहे. परवानगी कोणाची लागते?

आरोग्याशी संबंधित संशोधन असेल तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात. संस्थेच्या नीती समितीत ७ ते १५ सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो आणि बैठकीला किमान पाच जण लागतात. बैठका दर आठवड्याला होत नाहीत. अर्ज निदान दोन महिने आधी द्या, नाहीतर सेमिस्टर संपेल आणि परवानगी नंतर येईल. परवानगीआधी गोळा केलेली माहिती नंतर वापरता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

१८ वर्षांखालच्यांकडून माहिती घ्यायची असेल तर पालकांची संमती लागते आणि मुलाचा होकारही: ७ ते १२ वयात तोंडी, १२ ते १८ वयात लेखी.

सामाजिक शास्त्रांच्या प्रोजेक्टसाठी अनेक कॉलेजांत अशी समिती नसते. तरीही विभागप्रमुखांकडून आराखडा लेखी मंजूर करून घ्या. संमतीपत्र एका पानाचे असावे, बोलीत असावे आणि त्यात चारच गोष्टी असाव्यात: कोण विचारतेय, कशासाठी, नाव येणार का, आणि मधेच थांबता येते. पदवीच्या पातळीवर १२ ते १५ नीट घेतलेल्या मुलाखती पुरतात. गूगल फॉर्म भरून घेतलेल्या दोनशे उत्तरांपेक्षा त्या केव्हाही बऱ्या.

फसते कुठे, तर मजुरीबद्दलचा प्रश्न मुकादमासमोर विचारण्यात. उत्तर खोटे येते आणि बाईचे काम जाऊ शकते. तिच्या सोयीच्या वेळी, तिच्या घरी जा, शक्यतो विद्यार्थिनीने जावे. ‘सरकारी योजना मिळेल का’ असे विचारले तर गोलमोल बोलू नका, ‘नाही, हा कॉलेजचा अभ्यास आहे’ असे पहिल्याच मिनिटाला सांगा. फोटो काढलाच तर चेहरा नको. रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकू नका. नाव बदलून ‘एका पेठेतली चार मुलांची विधवा’ असे लिहिले तरी गल्लीत सगळ्यांना कळते. तपशीलही बदलावे लागतात.

परीक्षेत गुण कुठे जातात?

‘प्रामाणिकपणा महत्त्वाचा आहे’ असे लिहिण्यात. केस दिली असेल तर असे सोडवा.

समजा केस अशी: सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करणाऱ्या विद्यार्थ्याला दिसते की एका कारखान्याने कामगारांच्या पगारातून पीएफ कापला, पण भरला नाही. आधी तथ्ये: कामगाराचा वाटा मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के, भरण्याची मुदत पुढच्या महिन्याची १५ तारीख, किती महिन्यांची चलने गायब आहेत. एका महिन्याचा उशीर आणि दोन वर्षांची थकबाकी ही नैतिकदृष्ट्या एकच केस नाही. मग संबंधित लोक: कामगार, मालक, विद्यार्थ्याचे सर आणि तो स्वतः. मग कर्तव्यांची टक्कर: सीएच्या आचारसंहितेत गोपनीयता आहे आणि सचोटीही आहे. मग पर्याय, आणि ते दोनच नसतात. ‘गप्प बसणे’ आणि ‘तक्रार करणे’ यांच्यामध्ये सरांना लेखी टिपण देणे, मालकाला भरायला मुदत देणे, अहवालात नोंद घेणे हे सगळे येते. मग निर्णय, त्याचे कारण आणि आपल्या निर्णयावरचा सर्वांत जड आक्षेप.

हा शेवटचा आक्षेप बहुतेक जण लिहीतच नाहीत. जे लिहितात ते असा हलका आक्षेप निवडतात की तो फुंकरीने उडावा. परीक्षकाला ते ओळखू येते. सिद्धान्तांची नावे एकामागून एक टाकणेही तसेच. दहा गुणांच्या उत्तरात एकच सिद्धान्त घेतला आणि तो तथ्यांना नीट लावला तर पुष्कळ झाले.

मराठीतून अभ्यास करता येतो का?

करता येतो, आणि पहिल्या वर्षी तोच करावा. मराठी विश्वकोशातल्या नीतिशास्त्र आणि तत्त्वज्ञानावरच्या नोंदी ऑनलाइन फुकट वाचता येतात आणि पाठ्यपुस्तकांपेक्षा नेटक्या आहेत. दुसऱ्या वर्षापासून इंग्रजी मजकूर शेजारी ठेवा, कारण पुढची बहुतेक चर्चा तिथे आहे. एक वही करून कर्तव्यवाद, परिणामवाद, सद्गुण-नीती, अधिनीतिशास्त्र अशा संज्ञा दोन्ही भाषांत लिहून ठेवा. गाईडवर भिस्त ठेवाल तर मिल आणि बेंथम यांतला फरक चार ओळींत संपेल आणि नेमकी पाचवी ओळ परीक्षेत येईल.

एमपीएससीला उपयोग होतो का?

होतो. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे आणि १७५० गुणांपैकी सामान्य अध्ययन ४ हा २५० गुणांचा पेपर नीतिशास्त्राचा आहे. यूपीएससीत तो २०१३ पासून आहे. तिथे अलीकडच्या पेपरांत १३० गुण सिद्धान्ताच्या प्रश्नांना आणि १२० गुण सहा केसेसना असतात. मात्र विद्यापीठाचा पेपर आणि आयोगाचा पेपर यांची घडण वेगळी आहे. आयोगाला प्रशासकाचा निर्णय १५० किंवा २५० शब्दांत हवा असतो, तिथे कांटवर दोन पाने लिहायला जागाच नाही. यूपीएससीला तत्त्वज्ञान वैकल्पिक विषय म्हणूनही घेता येतो, २५० गुणांचे दोन पेपर.

घरचे विचारतात, याने नोकरी कोणती लागते?

मायनरच्या जोरावर ‘नीतितज्ज्ञ’ अशी नोकरी सोलापुरात लागत नाही, हे घरी सरळ सांगा. नोकरी मेजरवर लागते. मायनरने फरक पडतो तो कंपन्यांच्या कम्प्लायन्स (नियमपालन) आणि सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागांत, रुग्णालयांच्या नीती समित्यांच्या कचेरीत, स्वयंसेवी संस्थांत आणि पत्रकारितेत. वकिली करणाऱ्यांना व्यावसायिक नीतीचा पेपर असतोच, त्यांना तो सोपा जातो. पुढे शिकायचे असेल तर पुणे आणि मुंबई या दोन्ही विद्यापीठांत तत्त्वज्ञानाचे विभाग आहेत. घर सोडता येत नसेल तर इग्नूचे एम.ए. तत्त्वज्ञान कोणत्याही पदवीनंतर, नोकरी सांभाळून करता येते. पीएच.डी.ला गेलात तर संशोधन आणि प्रकाशन नीतीचा २ क्रेडिटचा, ३० तासांचा कोर्स सक्तीचाच आहे.

दोन पदव्या एकदम चालतात ना?

यूजीसीने २०२२ पासून परवानगी दिली आहे. दोन्ही नियमित असतील तर वर्गांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. एक नियमित आणि एक दूरशिक्षणाची असेल तर ही अडचण नाही. पण परीक्षांच्या तारखा एकमेकींवर आल्या तर दोन्ही विद्यापीठांपैकी कोणीच तुमच्यासाठी तारीख हलवत नाही. पहिल्या वर्षी दोन्ही सुरू करू नका.

मी देवधर्म मानतो. हा विषय नास्तिकांचा आहे का?

नाही. वर्गात वारकरीही असतात आणि न मानणारेही. एवढीच अपेक्षा असते की ‘आमच्यात असे चालते’ यावर उत्तर थांबू नये. ते समोरच्याला का पटावे, हेही सांगता यावे.

निबंध एआयकडून लिहून घेतला तर?

पकडले जाल की नाही हे सोडा. या यंत्रांची उत्तरे दोन्ही बाजू गोड मांडून मधोमध थांबतात, आणि नेमके तेच या विषयात गुण घालवते. व्याकरण तपासायला वापरा, युक्तिवाद स्वतःचा ठेवा. साहित्यचौर्याबाबत यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत: १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, ६० टक्क्यांवर गेले तर पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांची नोंदणीच रद्द होऊ शकते.

मधेच मायनर बदलता किंवा सोडता येते का?

बदलाची खिडकी कॉलेजवर अवलंबून असते आणि सहसा लहान असते. तिसऱ्या सेमिस्टरनंतर बदललात तर आधीचे क्रेडिट नव्या मायनरमध्ये धरले जात नाहीत आणि १८ चा आकडा गाठता येत नाही. शिक्षणच थांबवावे लागले तर क्रेडिट बँकेत जमा क्रेडिट सात वर्षांपर्यंत वापरता येतात. पहिल्या वर्षानंतर ४० ते ४४ क्रेडिटवर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायचे असेल तर जादा ४ कौशल्य क्रेडिट करावे लागतात.

फॉर्म भरण्याआधी ऑफिसात काय विचारू?

हा विषय सहाव्या सेमिस्टरपर्यंत चालणार का. कमी विद्यार्थी आल्यास पेपर बंद होतो का आणि किती संख्येखाली. पूर्ण वेळ शिक्षक आहे की तासिका तत्त्वावर. अंतर्गत गुण कसे विभागले आहेत. आणि मायनरच्या तासाची वेळ तुमच्या मेजरच्या प्रॅक्टिकलवर येते का. हा शेवटचा प्रश्न क्लार्कला न विचारता वेळापत्रक समोर ठेवून स्वतः पाहा.